बाबाच्या पायातला जंतू

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समजूतदार म्हणायला नको. शाळेत एका मुलीनं माझी कंपासपेटी पळवली होती. तिच्या लग्नाला मी गेले, पण जेवले नाही. तिथे आमच्या लॅबमधल्या सरांची काय कथा! सरांनी माझ्या डोक्यावर जे खापर फोडलं ते मी आठ वर्षं विसरले नाही. रोज सकाळी दात घासताना त्या माणसाला मनातल्या मनात दोन शिव्या घालायच्या आणि मग चूळ भरायची, असा माझा नेमच होता.

मी पनवेलच्या एका लॅबमध्ये जंतू ओळखायचं काम करते. लॅब म्हटलं की लोकांना सुई टोचून रक्त घेणारी बाई आठवते. ती मी नव्हे. माझ्याकडे येतं ते सगळं न बघण्यासारखं. पू, लघवी, थुंकी, जखमेवरून फिरवलेला कापसाचा बोळा, ज्याला आम्ही स्वॅब म्हणतो. जेलीसारखं खाद्य भरलेल्या चपट्या बशीवर, म्हणजे प्लेटवर, तो बोळा फिरवायचा आणि प्लेट उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यावर ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे एका जंतूची अख्खी वस्ती. त्यातला एक ठिपका तारेनं उचलायचा आणि वेगवेगळं खाद्य भरलेल्या काचेच्या नळ्यांत घालायचा. तो काय खातो, कुठल्या नळीचा रंग पालटतो, कुठे बुडबुडे सोडतो, ते बघून त्याचं नाव ठरवायचं. नाव कळलं की डॉक्टरला औषध ठरवता येतं. एवढंच काम. पण त्या नावासाठी वॉर्डात कुणीतरी तापानं फणफणत पडलेलं असतं, हे विसरायचं नाही.

बाबा आमचा उरणकडच्या गावातला. तरुणपणी मिठागरात राबला, मिठागर गेल्यावर कंटेनर यार्डात वॉचमन झाला. सुट्टीच्या दिवशी मात्र पाय खाडीकडेच वळायचे. चिंबोऱ्या धर, कालवं काढ. त्याला साखर होती. अनवाणी फिरू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं होतं, पण ऐकतोय कुठला! एका रविवारी कालवाच्या शिंपीवर पाय पडला आणि टाच दोन बोटं चिरली. त्या शिंपीची धार पात्यासारखी असते. घरी येऊन त्यानं हळद दाबली, फडकं बांधलं आणि झोपला. सकाळी पाय घोट्यापर्यंत सुजलेला, वर काळेनिळे फोड, अंगात ताप. दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, त्याला रिक्षात घालून पनवेलला आणला. मी तेव्हा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिकाऊ होते. तिथेच भरती केला.

डॉक्टर म्हणाले, जखमेचा स्वॅब पाठवा. वॉर्डातल्या सिस्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेल्या. त्या मला म्हणाल्या, तू लॅबचीच ना, घे तूच. मी घेतला. आधी जखम सलाइननं धुतली, वरचा पू पुसला, मग कडेच्या आतून, खोलातून बोळा फिरवला आणि सरळ नळीत. हे मी इतकं तपशीलवार का सांगतेय ते पुढे कळेलच. माझा हात थरथरला नाही. बाबा दात आवळून पडला होता, दादानं तोंड फिरवलं होतं, पण माझा हात दगडासारखा स्थिर होता. फॉर्मवर मी स्वतः लिहिलं: उजवी टाच, मधुमेह, खाडीत कालवानं कापलं.

दुसऱ्या दिवशी प्लेट बघितली आणि मला बरंच वाटलं. सगळीकडे एकसारखे ठिपके. एकच एक जंतू, मिसळ नाही, भेसळ नाही. आता फक्त नाव काढायचं होतं. मी तो नळ्यांत घातला. तिसऱ्या दिवशी बघते तर काय, अर्ध्या नळ्या कोऱ्या आणि उरलेल्यांचा धड हा रंग नाही की तो नाही. जंतू नीट वाढलाच नव्हता. मी नळ्यांचा स्टँड घेऊन सरांकडे गेले.

सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. रिपोर्टवर सही त्यांची. इस्त्रीचा पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, आणि समोरच्याकडे बघायची पद्धत अशी की आपणच काहीतरी सांडलंय की काय असं वाटावं. त्यांनी नळ्या उजेडात धरल्या. प्लेटकडे बघितलंसुद्धा नाही.

"कचरा आहे," म्हणाले. "बाहेरचं काहीतरी लागलंय. खाडीचं पाणी असेल. तुम्हा खाडीवाल्यांचं सगळंच ओलं."

"सर, प्लेटवर एकच जंतू आहे. तुम्ही एकदा बघा ना."

"तू इथे शिकायला आलीस की शिकवायला?"

आणि त्यांनी लिहिलं: नमुना दूषित, पुन्हा पाठवावा. खाली सही. मी गप्प बसले. आज मला त्या गप्प बसण्याचाही राग येतो, पण शिकाऊ पोरगी काय डोंबल बोलणार?

पुन्हा नमुना गेला तोवर बाबाच्या अंगात दोन-तीन औषधं गेलेली. त्या नमुन्यात काहीच उगवलं नाही. जंतूचं नाव नाही म्हणून डॉक्टर अंदाजानं औषध देत राहिले आणि पाय वर वर काळा पडत गेला. पाचव्या दिवशी गुडघ्याखाली कापला.

मी खोटं बोलणार नाही. नाव वेळेत कळलं असतं तर पाय वाचलाच असता, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साखरेचा माणूस, त्यात एक अख्खी रात्र हळद लावून झोपलेला. डॉक्टरही म्हणाले, कदाचित वाचला असता. त्या 'कदाचित'साठी मी सरांशी वैर धरलं नसतं. चुका होतात, माझ्याही होतात. वैर धरलं ते पुढच्या गोष्टीसाठी.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर दादा उभा होता. त्यानं सरांना गाठलं आणि विचारलं, पहिला रिपोर्ट तसा का आला? मी तीन हातांवर उभी. सरांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेनं, हं! म्हणाले, "स्वॅब तुमच्या बहिणीनंच घेतला होता. घरचा पेशंट म्हटल्यावर हात थरथरतो. कुठेतरी टेकला असणार. लहान आहे ती, तिला बोलू नका."

तिला बोलू नका! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झाले. दादा माझ्याकडे वळला. एकच वाक्य बोलला.

"तुजे हातानं गेला बाबाचा पाय."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात तेच खरं. मी किती वेळा सांगितलं, दादा, प्लेट शुद्ध होती, त्या माणसानं बघितलीच नाही. दादा म्हणायचा, "तो येवढा शिकलेला मानूस खोटा बोलंल?" बाबाच्या कापलेल्या पायाचं ड्रेसिंग करायला मी बसले तर दादानं माझ्या हातातून गॉज काढून घेतलं. "तू नको हात लावू." आईनंही मला परत बस म्हटलं नाही. आणि बाबा भिंतीकडे बघत राहिला. त्यानं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. लोक मला विचारतात, एवढा राग कशाला? अहो, आपल्याच बापाचा पाय आपण घालवला असं घरातले समजतात, आणि आपण त्यांच्याच ताटात जेवतो. एक दिवस जेवून बघा.

त्याच दिवसांत मी एक गोष्ट केली होती ती सांगते. लॅबमधल्या प्लेटा काम झालं की प्रेशर कुकरसारख्या मोठ्या यंत्रात वाफेनं मारून टाकतात. बाबाची प्लेट मारायच्या आधी मी तिच्यावरचा एक ठिपका उचलला आणि छोट्या बाटलीत घालून ठेवला. शिकाऊपण संपल्यावर ती लॅब सोडली तेव्हा बाटली बरोबर घेतली. हे नियमात बसत नाही, मला चांगलं ठाऊक आहे. स्टीलच्या डब्यात, कापसात गुंडाळून, घट्ट झाकण लावून ती मी नव्या नोकरीच्या लॅबमध्ये नेली. तिथल्या प्रमुख बाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग नोंदवहीत लिहून घेतलं आणि बाटली ठेवायला जागा दिली.

जंतूचं नाव मला तिथेच कळलं. आमच्या धंद्यातलं एक जाडजूड पुस्तक असतं, सगळ्या लॅबमध्ये असतं, सरांच्या कपाटात तर प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलेलं होतं. एका दुपारी मी त्यात चाळत होते. एका ओळीत लिहिलं होतं की समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यातले काही जंतू मिठाशिवाय वाढत नाहीत, त्यांच्या नळ्यांत मीठ घालावं. मी ती ओळ तीन वेळा वाचली. आमच्या नेहमीच्या नळ्यांत काहींत मीठ नसतंच, काहींत अगदी नावाला. मी उठले. त्याच नळ्या पुन्हा तयार केल्या, एक रांग नेहमीसारखी, दुसऱ्या रांगेत मीठ घालून, आणि दोन्हींत बाबाचा जंतू सोडला. सकाळी पहिली रांग तशीच अर्धवट. दुसऱ्या रांगेतली एकूण एक नळी बोलत होती. व्हिब्रिओ. पटकीच्या जंतूचा भाऊबंद, खाडीत राहणारा, जखमेतून शिरला की साखरेच्या माणसाचा पाय खाणारा. मिठागरात राबलेल्या माणसाची मी मुलगी, आणि मीठ घालायचं मला सुचलं नव्हतं! मी स्टूलवर बसून मोठ्यानं रडले. बाईंनी दार लावून घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी धावत गेले, दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आता तू कायपन सांगशील. तुजीच लॅब, तुजीच बाटली." खरंच होतं की त्याचं. माझ्या शब्दाला काय किंमत? मला सरांच्या तोंडून ते हवं होतं. सरांच्या हातचं, सरांच्या सहीचं.

म्हणून मी तो जंतू जगवला. आठ वर्षं. तो फ्रीजमध्ये मरतो, म्हणून कपाटात बाहेर ठेवायचा. दर थोड्या महिन्यांनी नव्या बाटलीत हलवायचा, मिठाचं प्रमाण बघायचं, शुद्ध आहे ना ते तपासायचं. माझं लग्न झालं, बाळंतपण झालं, त्या रजेतसुद्धा बाईंना फोन करून विचारायचे, बाटली हलवली का? बाई म्हणायच्या, अगं, पोराचं बघ आधी.

आणि सरांची भरभराट चाललेली. त्यांनी खांदा कॉलनीत स्वतःची लॅब काढली. बाहेर निळा बोर्ड, आत जंतूचं नाव आपोआप छापून देणारं मशीन. शिवाय आमच्या भागातल्या लॅबवाल्यांनी एक मंडळ काढलं होतं, त्याचेही पुढारी तेच. त्या मंडळाची रीत अशी, की दर खेपेला एका लॅबनं ओळखून ठेवलेला एक जंतू, नाव न सांगता, बाकीच्या सगळ्या लॅबना पाठवायचा. सोबत पेशंटची माहिती. पंधरा दिवसांनी एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलच्या माडीवर जमायचं, चहा, बटाटेवडे, आणि बंद पाकिटातली उत्तरं मोठ्यानं वाचायची. कोण चुकलं, का चुकलं, ते बोलायचं. सर शेवटी एक छोटं भाषण ठोकायचे.

आमच्या बाई निवृत्त झाल्या आणि लॅब माझ्याकडे आली. मंडळाची पाळीही आली. बाईंनी जाताना एवढंच म्हटलं, फसवून काही करू नकोस. मी म्हटलं, छे, फसवायचं कशाला? मी तर सगळं खरं लिहिणार.

आणि लिहिलं. प्रत्येक बाटलीबरोबरच्या चिठ्ठीवर: उजवी टाच, मधुमेह, खाडीत कालवानं कापलं. शब्द तेच, आठ वर्षांपूर्वीच्या फॉर्मवरचे. सरांना आठवायची पूर्ण संधी दिली मी. प्रत्येक बाटली पाठवण्याआधी शुद्ध आहे ना ते दोनदा तपासलं, आणि साक्षीला आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची सही घेतली. पंधरा दिवस मला धड झोप लागली नाही. सरांनी बरोबर ओळखलं तर? मग माझी आठ वर्षं गेली पाण्यात.

त्या दुपारी माडीवर पंखा गरगरत होता. पाकिटं उघडायला लागली. कळंबोलीच्या एका छोट्याशा लॅबचं उत्तर आधी निघालं. तिथली मुलगी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मशीन नाही, काही नाही. तिनं लिहिलं होतं: व्हिब्रिओ. खाडीची जखम वाचून नळ्यांत मीठ घातलं. मी तिच्याकडे बघून इतकी हसले की ती बिचारी बावरली. आणखी एकानं बरोबर ओळखला होता, दोघांच्या मशीननं भलतंच नाव छापलं होतं. मग सरांचं पाकीट. ते त्यांनी स्वतःच वाचलं.

"नमुना दूषित. ओळख शक्य नाही." आणि कागद खाली ठेवून माझ्याकडे वळले. "मॅडम, पाठवताना जरा काळजी घ्यायला हवी होती. कुठेतरी हात लागला असणार."

देवाशपथ सांगते, मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. तोच माणूस, तोच जंतू, तीच चूक, आणि पुन्हा खापर पाठवणाऱ्याच्याच डोक्यावर!

मी पर्समधून बाबाच्या फाइलमधला जुना रिपोर्ट काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांची सही त्यांना ओळखता आली. मी सगळ्यांना सांगितलं, हा जंतू माझ्या वडिलांच्या पायातला. तेव्हाही तो असाच शुद्ध होता. तेव्हाही सरांनी हेच लिहिलं, आणि माझ्या भावाला सांगितलं की हिचा हात थरथरला.

सरांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, "मला काही आठवत नाही."

"मला आठवतंय ना, सर. तुम्ही फक्त लिहा."

"काय लिहू?"

"मी सांगते."

आणि मी सांगितलं. एकेक शब्द. पहिलीच्या पोराला शुद्धलेखन घालावं तसं. 'स्वॅब योग्य रीतीने घेतला होता. नमुना दूषित नव्हता. ओळखण्यात चूक माझी झाली. सदर मुलीचा यात काहीही दोष नाही.' 'काहीही' त्यांनी गाळलं होतं, ते वर घालायला लावलं. सगळे लॅबवाले वडे हातात धरून बघत होते. एकानं मध्ये तोंड घातलं, जाऊ द्या मॅडम, जुनी गोष्ट. मी म्हटलं, तुमच्या वडिलांना दोन पाय आहेत ना, मग तुम्ही वडा खा. सरांनी सही केली. खिशातल्या दोन पेनांतलं एक चाललं नाही, दुसऱ्यानं केली. मी तो कागद घेऊन जिना उतरले आणि खाली रस्त्यावर उभी राहून एकटीच हसले. जिरवली! आठ वर्षांचं उट्टं काढलं.

तशीच उरणची एस.टी. धरून घरी गेले. बाबा ओटीवर खुर्चीत बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. त्याला आता वाचायला दिसत नाही. मी कागद दादाच्या हातात दिला. म्हटलं, वाच, मोठ्यानं वाच, बाबाला ऐकू दे.

दादानं वाचलं. 'चूक माझी झाली'पाशी अडखळला, मग शेवटपर्यंत वाचलं. कागद दुमडला. माझ्याकडे वर बघवेना त्याला. "चुकला माजा," एवढंच म्हणाला आणि आत गेला. आई दारात उभी होती, तिनं डोळ्याला पदर लावला. मी जिंकले होते. आठ वर्षं हाच दिवस मी डोळ्यांपुढे आणला होता. मी बाबाजवळ खाली बसले.

"बाबा, ऐकलंस ना?"

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड, सुरकुतलेला हात.

"कशाला गेलीस त्या मानसाच्या पाठी?" म्हणाला. "तुला वाईट वाटू नये म्हनून लिवून दिला असंल त्यानं. चांगला मानूस हाय तो. मी तर तुला त्याच दिवशी माफ केला गो. बापाच्या जखमेला हात लावताना पोरीचा हात थरथरनारच."

मला क्षणभर कळेचना हा काय बोलतोय. मग कळलं. आठ वर्षं मी त्याच्या गप्प बसण्याला राग समजत होते. राग नव्हताच तो. त्यानं मला कधीच माफ करून टाकलं होतं, मी न केलेल्या गोष्टीबद्दल. सरांनी लिहून दिलं, दादानं कबूल केलं, पण ज्याचा पाय गेला त्याच्या लेखी तो माझ्याच हातानं गेला होता.

"बाबा, माफ करू नको मला!" मी ओरडले. ओटीवरून रस्त्यापर्यंत आवाज गेला असेल. "माझा हात थरथरला नव्हता! माझी चूकच नव्हती!"

"हां, हां," बाबा म्हणाला, आणि माझं डोकं थोपटत राहिला. "रडू नको, पोरी. माज्या मनात काय नाय."